तीन गाणी सांग

दोह्यात ऑगस्ट महिन्यात चष्मेवाल्या माणसाचं काही खरं नसतं. टॅक्सीतल्या गारव्यातून बाहेर पाऊल टाकलं की दमट हवा दोन्ही काचांवर येऊन बसते आणि समोरचं जग दुधात बुडतं. घाईतले लोक काचा पुसतात. नुपूर गायधनी पुसत नसे. धुकं आपोआप जाईपर्यंत ती तशीच उभी राही, थोडीशी हसत. मुशैरिबमधल्या खलीलभाईंच्या वाद्यांच्या दुकानात ती त्या संध्याकाळी अशीच शिरली आणि दाराशीच थांबली. त्यामुळे झालं काय, की गॅव्हिन डाबरे तिला आधी ऐकू आला आणि मग दिसला.

"ममा, उशीर होईल आज... नाही गं, गिटारच्या तारा घेतोय," कुणीतरी फोनवर बोलत होतं. चक्क मराठीत! दोह्यात मराठी म्हणजे घरातली गोष्ट, चपला बाहेर काढल्यावर बोलायची. दुकानात, रस्त्यावर हिंदी नाहीतर इंग्रजी. नुपूरचे कान टवकारले. "आणि ऐक ना, इथे एक मुलगी आलीये. अंगात टी-शर्ट एवढ्या मोठ्या मेटल बँडचा... कवटी-बिवटी सगळं आहे. पैज लावतो, त्यांची तीन गाणीसुद्धा माहीत नसणार. मॉलमधून उचलला असेल."

धुकं विरलं. काउंटरपाशी एक उंच, सावळा मुलगा उभा होता. अंगात कंपनीचा निळा ओव्हरऑल, खिशावर सेफ्टी ग्लासेस, आणि नजर थेट तिच्या कवटीवर.

"मॉलमधूनच उचललाय," नुपूर म्हणाली. "सेल होता."

त्याच्या हातातलं तारांचं पाकीट खाली पडलं. फोनमधून आईचा आवाज काहीतरी विचारत राहिला.

"ममा... ठेवतो. ती मराठी आहे."

परदेशात राहणारे आपले लोक ही चूक हमखास करतात. चारचौघांत मराठी म्हणजे जणू कुलूप लावलेलं कपाट, असं समजून बिनधास्त बोलतात, आणि नेमकी एखादीकडे किल्ली निघते. गॅव्हिन कानापर्यंत लाल झाला. सावळा माणूस लाल झाला की फार गोड दिसतो, असं नुपूरला उगाचच वाटून गेलं.

"सॉरी," तो म्हणाला. "म्हणजे... टी-शर्ट चांगला आहे."

"काळा आहे म्हणून घेतला. चहा सांडला तरी दिसत नाही."

"आणि बँड?"

"तो पण दिसत नाही."

आता त्याला हसू आवरेना. तरी खाज जात नव्हती. "एक तरी गाणं? तीन राहू देत."

"शाळा संपून बरीच वर्षं झाली," नुपूर म्हणाली. "मी आता परीक्षा देत नाही."

हे ती हसत म्हणाली खरी, पण तिच्या आवाजाला कुठेतरी धार आली होती. ती का आली, हे गॅव्हिनला त्या दिवशी कळणं शक्य नव्हतं.

नुपूर एका इव्हेंट कंपनीत कामाला होती. रमझान संपल्यावर ईदेला एका क्लबच्या हिरवळीवर मोठा कार्यक्रम व्हायचा होता आणि त्यासाठी ती स्पीकर भाड्यानं बघायला आली होती. क्लायंट होता एक मोबाइल दुकानांचा मालक. त्याला कार्यक्रमात 'हेवी मेटल' हवं होतं. का? तर टीव्हीवरच्या गाडीच्या जाहिरातीत हल्ली तसलीच गिटार वाजते, त्याच्या भाच्यांच्या टी-शर्टांवर कवट्या असतात, बक्षीससमारंभात सूट घातलेली माणसं त्या केसाळ लोकांसाठी उभं राहून टाळ्या वाजवतात. तेव्हा हे चालतं, असं त्याच्या लक्षात आलं होतं.

"तो क्या ढूँढना?" खलीलभाईंनी गॅव्हिनच्या पाठीवर थाप मारली. "ये रहा हेवी मेटल! इसका बैंड है. सँडब्लास्ट."

"सँडब्लास्ट?"

"रास लफानला, आमच्या गॅस प्लँटवर, पाइपांवरचा गंज काढायला वाळूचा मारा करतात," गॅव्हिन म्हणाला. "त्याला म्हणतात. वर्ष झालं आम्हाला सुरू करून. अजून कुणी ऐकलं नाहीये."

"कुणीच नाही?"

"शेजारचे ऐकतात. पण मनाविरुद्ध."

*

पुढच्या शुक्रवारी ती अल थुमामाला बँडच्या सरावाला गेली. कामासाठी. क्लायंटला दाखवायचा बँड आधी ऐकायला नको का? त्याच्या पुढच्या शुक्रवारीही कामासाठीच गेली. त्यानंतर मात्र तिनं स्वतःला कारण देणं सोडून दिलं.

ड्रम वाजवणारा डेरिल तिथल्या एका जुन्या व्हिलात राहायचा. व्हिलाच्या मागच्या स्टोअररूमच्या भिंतींना त्यांनी जुन्या गाद्या बांधल्या होत्या. सकाळी गॅव्हिन ख्रिस्ती प्रार्थनासभेला जाऊन तिथल्या गायकवृंदात अगदी साध्याभोळ्या चेहऱ्यानं गिटार वाजवायचा, दुपारी इथे येऊन तीच बोटं अशी काही सोडायचा की नुपूरच्या छातीतली हाडं थरथरत. पहिल्या दिवशी तिनं कानावर हात ठेवले. दुसऱ्या वेळी एकाच कानावर. तिसऱ्या वेळी तिच्या लक्षात आलं की या सगळ्या दणक्याच्या आत एक सूर आहे, आणि तो हट्टी मुलासारखा परत परत तेच मागतोय.

"बारा तास कॉम्प्रेसरच्या शेजारी काढतोस," तिनं एकदा विचारलं, "आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा आवाजच?"

गॅव्हिननं गिटार मांडीवर आडवी ठेवली. "तिथला आवाज कुणाचाच नसतो गं. हा आवाज माझा असतो."

त्या दिवशी ते कडक चहा प्यायला गेले. दुकानासमोर गाडी उभी करायची, हॉर्न वाजवायचा, चहा खिडकीतून आत येतो. शहरभर एशियन गेम्ससाठी रस्ते खणून ठेवले होते. धुळीनं सगळे दिवे पिवळे झाले होते.

"तुला तो टी-शर्ट एवढा का लागला?" नुपूरनं विचारलं.

"लागला नाही." मग थोडं थांबून, "लागला. माझा एक चुलतभाऊ आहे, सबॅस्टियन. वसईहून आमच्याकडे यायचा तेव्हा बॅगेत सुक्या बोंबलांच्या पिशवीखाली कॅसेट लपवून आणायचा. कॉपीची कॉपी, तिची कॉपी. अर्धं गाणं आणि अर्धी खरखर. ती ऐकायला आम्ही दार लावून घ्यायचो. शाळेत कुणी आमच्याशी बोलायचं नाही, आम्ही कुणाशी बोलायचो नाही... आणि आता तेच नाव मॉलमध्ये, लहान मुलांच्या मोज्यांवर! म्हणजे... जे माझं होतं, ते आता सगळ्यांचं झालं."

"मग तुझं राहिलं नाही?"

त्यानं चहाचा एक घोट घेतला.

"आवडायला परीक्षा कशाला द्यायची, गॅव्हिन?"

"आवडायला नाही. मिरवायला."

"आणि पेपर कोण तपासणार? तू?" तिनं कप डॅशबोर्डवर ठेवला. आता ती धार पुन्हा आली होती. "मी इथे वाढले. कॉलेजला पुण्याला गेले तर सगळे म्हणायचे, दोहावाली आली. माझं मराठी ऐकून हसायचे. आमचं मूळ नाशिक, तर खरी नाशिकची आहेस ना, मग हे सांग, ते सांग. सुट्टीत इथे आले की इथले म्हणायचे, ही आता पुण्याची झाली. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी दाराशी उभा, तीन गाणी सांग म्हणत. मला कंटाळा आलाय रे खरं असल्याचं सिद्ध करायचा."

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही. सांगून झाल्यावर तिला एकदम हलकं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. गॅव्हिननं आपला कप तिच्या कपाशेजारी ठेवला.

"आय अॅम..." त्यानं सुरुवात केली आणि सोडून दिली. "चुकलं माझं," तो मराठीत म्हणाला.

वातावरण फार गंभीर झालेलं नुपूरला मानवत नसे. "आणि तुझं तरी काय मोठं खरं आहे?" ती म्हणाली. "तुझ्या गाण्यांत युद्ध, राक्षस, रक्ताच्या नद्या. तू युद्ध पाहिलंयस कधी?"

"डेरिलच्या खोलीत पाल निघाली होती तेव्हा..."

दोघंही हसले. पण हा बाण वर्मी बसला होता. कारण दोन आठवड्यांनी, डेरिल पाणी आणायला गेलेला असताना, गॅव्हिन तिच्याकडे न बघता म्हणाला, "एक नवीन केलंय. हसू नकोस." आणि गिटारचा आवाज अगदी कमी ठेवून त्यानं जे गायलं ते मराठीत होतं. पहाटेच्या अंधारात रास लफानला जाणाऱ्या कंपनीच्या बसचं गाणं, आणि प्लँटच्या चिमणीवर जळत राहणाऱ्या ज्योतीचं.

झोपलेल्या बसमधून शहर दिसत नाही,
ज्योत दिसते रोज, घर दिसत नाही.

नुपूर हसली नाही. तिचे बाबा वीस वर्षं त्याच बसनं जात होते. पहाटे त्यांच्या बुटांचा आवाज ती झोपेत ऐकायची आणि कूस बदलायची. ती बस आतून कशी असते, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"हे वाजव ना कार्यक्रमात," ती कशीबशी म्हणाली.

"मेटल मराठीत? डेरिल जीव घेईल. आणि हे..." तो अडखळला, "हे सध्या फक्त तुला माहीत आहे."

त्याच क्षणी नुपूर प्रेमात पडली, असं म्हणायला हरकत नाही. खरं तर ती त्याआधीच पडली होती. त्या क्षणी तिला ते कळलं, एवढंच.

*

घोटाळा ऑफिसात झाला. नुपूरची बॉस सॅन्ड्रा वाईट बाई नव्हती, फक्त क्लायंटला नाही म्हणायचा भाग तिच्या तोंडात देवानं बसवलाच नव्हता. क्लायंटनं बँडचा डेमो ऐकला आणि तो दचकला. त्याला मेटल हवं होतं, पण ज्यात मेटल कमी असेल असं. केस, काळे कपडे, धूर हे सगळं पाहिजे. आवाज मात्र ईदेला कुटुंबं येतात तेव्हा जपून. तेव्हा ठरलं असं, की स्टुडिओत बँडची दोन गाणी मऊसूत करून सीडी बनवायची. कार्यक्रमात सीडी वाजेल. बँडनं स्टेजवर वाजवल्यासारखं करायचं.

"त्यांना एक गाणं तरी खरं वाजवू दे," नुपूर म्हणाली.

"इन्शाल्ला," सॅन्ड्रा म्हणाली.

दोह्यात वाढलेल्या माणसाला इन्शाल्लाच्या तऱ्हा कळतात. काही खरोखर देवावर सोडलेले असतात. सॅन्ड्राचा होता तो म्हणजे विषय संपला, आता जा.

सीडीचं रेकॉर्डिंग झालं. गॅव्हिनला वाटलं, जाहिरातीसाठी आहे. नुपूरनं त्याला वाटू दिलं. एक दिवस गेला, दुसरा गेला. रोज सांगायचं ठरवायची आणि रोज त्याचा फुललेला चेहरा बघून गिळून टाकायची. शेवटी ईदेच्या दोन दिवस आधी, चहाच्या दुकानासमोर, तिनं सांगितलं. सगळं इंग्रजीत सांगितलं, भराभर, एखादा रिपोर्ट वाचून दाखवावा तसं.

गॅव्हिननं ऐकून घेतलं. तो चिडेल, गाडीतून उतरून जाईल, अशी तिची तयारी होती. पण तो नुसता आपल्या बोटांकडे बघत राहिला. तारांनी त्या बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते.

"म्हणजे मी तोंड हलवायचं."

"हो."

"टी-शर्ट घालून, एकही गाणं माहीत नसल्यासारखं."

नुपूरनं गाडीची काच खाली केली आणि पुन्हा वर केली.

"मी नाही म्हटलं तर तुझं काय होईल?"

"माझं प्रोबेशन संपलेलं नाहीये अजून," ती म्हणाली. "पण त्याचा विचार तू करू नकोस."

"मग करतो," गॅव्हिन शांतपणे म्हणाला. "तुझ्यासाठी करतो. बाकी कुणी विचारलं असतं तर दार दाखवलं असतं."

याहून तो भांडला असता तर परवडलं असतं. नुपूर घरी आली ती जेवलीच नाही. ज्या मुलानं तिच्या टी-शर्टावरून तिला हटकलं होतं, तो आता तिच्याचसाठी खोटं वाजवायला उभा राहणार होता. आणि मग त्यांच्यात जे काही सुरू होत होतं, त्याची पहिली पायरीच खोटी पडणार होती. उद्या तो तिच्याकडे बघेल तेव्हा त्याला ती स्टेजवरची मुकी गिटार आठवेल. आज ना उद्या आठवेलच. हे तिला इतकं स्पष्ट दिसत होतं, की चष्मा काढून ठेवला तरी दिसत राहिलं.

*

ईदेच्या संध्याकाळी क्लबची हिरवळ माणसांनी भरून गेली. नव्या कपड्यांतली मुलं, अत्तराचे वास, मधल्या रांगेत गॅव्हिनची आई मार्था. मार्था आंटी हॉस्पिटलात नर्स होत्या. लेकाचं प्रार्थनासभेतलं वादन त्यांना पाठ होतं. हे दुसरं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं आणि ऐकण्याची फारशी इच्छाही नव्हती. त्यामुळे येताना त्यांनी हॉस्पिटलातून कापूस आणला होता आणि शेजारच्या बायकांनाही मनमोकळेपणानं वाटला होता.

"घे गं, तुला पण," त्यांनी नुपूरला एक बोळा दिला. "तुला रोज ऐकावं लागतं म्हणे."

बँडचा नंबर मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजानंतर होता आणि रात्रीच्या इशाच्या अजानच्या बराच आधी संपायचा होता. पण मुलांचं फॅन्सी ड्रेस लांबलं. स्पायडरमॅन स्टेजवरून उतरायला तयार नव्हता. शेवटी धुराच्या मशीननं फुसफुस केली, आणि सँडब्लास्ट स्टेजवर आला.

डेरिलच्या ड्रमवर टॉवेल अंथरले होते. सीडी सुरू झाली. स्टुडिओतला धुऊन, इस्त्री केलेला आवाज हिरवळीवर पसरला. गॅव्हिनची बोटं तारांवरून फिरत होती आणि ओठ हलत होते. लोकांना काही कळलं नाही; त्यांनी टाळ्याही वाजवल्या. क्लायंट मान डोलावत होता. कळलं फक्त नुपूरला, कारण त्याची मान खाली होती. स्टोअररूममध्ये तो नेहमी डोळे मिटून, चेहरा वर करून वाजवायचा.

दुसरं गाणं निम्म्यावर आलं आणि मशिदीतून इशाची अजान सुरू झाली.

दोह्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. मॉल असो, लग्न असो, अजान झाली की संगीत थांबतं. साउंड मिक्सरपाशी बसलेल्या वलीनं आवाजाची पट्टी खाली ओढली. गाणं एका शब्दाच्या मधोमध तुटलं. पण स्टेजवर गॅव्हिनचे ओठ सवयीनं आणखी दोन शब्द हलले... नुसतेच, आवाजाशिवाय. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं आपल्या आईकडे वळून बघितलं. गॅव्हिननंही ते पाहिलं. त्यानं गिटारवरून हात काढला आणि खाली सोडला.

सगळी हिरवळ शांत होती. अजानचे लांब, संथ सूर डोक्यांवरून जात होते. त्या शांततेत नुपूरनं जे ठरवायचं ते ठरवलं.

अजान संपली, नमाजासाठी लोक उठले. सॅन्ड्रा क्लायंटला घेऊन चहाच्या तंबूकडे गेली. नुपूर मिक्सरपाशी आली.

"मॅडम, सीडी शुरू से लगाऊँ या दूसरे गाने से?" वलीनं विचारलं.

"सीडी निकालो," नुपूर म्हणाली. "उनकी लाइन खोल दो. गिटार, माइक, सब. लाइन लगी है ना?"

"लगी तो है. सिर्फ दिखावे के लिए तार लटकाना मेरे से होता नहीं." वलीनं तिच्याकडे पाहिलं. "सॅन्ड्रा मॅडम?"

"उनसे मैं बात करूँगी."

मग ती स्टेजच्या कडेला गेली. गॅव्हिन वाकून तारा पुसत होता, पुसण्यासारखं काही नसताना.

"नो सीडी," ती म्हणाली. "प्ले युअर ओन. द बस वन. प्लीज."

तो बघतच राहिला. "तुझी नोकरी..."

"यल्ला, गॅव्हिन! कम ऑन!"

त्यानं डेरिलकडे पाहिलं. डेरिलनं ड्रमवरचे टॉवेल उचलले आणि मागे फेकले. "पण ते मराठी आहे," गॅव्हिन त्याला म्हणाला. "माहीत आहे," डेरिल म्हणाला. "गाद्या बांधल्यात, भिंत नाही. मला सगळं ऐकू येतं."

माणसं नमाजाहून परत येऊन बसत होती तेव्हा पहिला ठोका पडला. चहाचे कप थरथरले. एक बाळ रडायला लागलं. दोन कुटुंबं उठून सरळ गेटकडे निघाली, आणि तंबूच्या दारात सॅन्ड्रा हातात कप घेऊन पुतळा झाली. गॅव्हिनचा चेहरा वर होता. डोळे मिटलेले. त्याचा आवाज फाटत होता, मध्येच सूर सुटला, एकदा शब्दही विसरला आणि तो नुसताच ओरडला. स्टुडिओतल्या सीडीपेक्षा हे खूपच ओबडधोबड होतं.

झोपलेल्या बसमधून शहर दिसत नाही...

बहुतेकांना शब्द कळले नसतील. पण मागे, गवताच्या कडेला, कंपन्यांच्या बसनं आलेले कामगार उभे होते. ते हळूहळू पुढे सरकले. भाषा वेगळी होती, तरी ते सरकले. एकानं गुडघ्यावर ताल धरला. आणि मधल्या रांगेत मार्था आंटींनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग मान तिरकी केली, मग एका कानातला कापूस काढला. दुसऱ्या कानातला राहू दिला. पण त्या एका कानानं त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

टाळ्या पडल्या, पण आधीच्या गाण्यापेक्षा कमी. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सॅन्ड्रा नुपूरजवळ आली, तिच्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "रविवारी ऑफिसात बोलू." क्लायंट निघून गेला होता. त्याचे कवटीवाले भाचे मात्र स्टेजपाशी रेंगाळत होते, गॅव्हिनची गिटार जवळून बघायला.

त्यातल्या धाकट्यानं विचारलं, हे गाणं कुठं मिळेल? गॅव्हिननं त्याच्या टी-शर्टाकडे पाहिलं. तोच, मॉलमधला. नुपूर बघत होती. गॅव्हिननं वाकून गिटारची पट्टी मुलाच्या खांद्यावर अडकवली. "कुठंच मिळत नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "शुक्रवारी ये. शिकवतो."

*

हिरवळ रिकामी होत होती. वली तारा गुंडाळत होता. दोघं स्टेजच्या पायरीवर बसले होते, मधे गिटार.

"रविवारी काय होईल?" गॅव्हिननं विचारलं.

"माहीत नाही. बहुतेक खलास." आणि तिला नवल वाटलं, की हे म्हणताना आपण हसतोय. "तू मला तीन गाणी विचारली होतीस."

"ते विसर ना आता."

"नाही. आता मी परीक्षा घेणार. माझ्याबद्दलच्या तीन गोष्टी सांग. मॉलमधून उचललेल्या नको."

गॅव्हिननं डोकं खाजवलं. "पहिली... चष्म्यावर धुकं आलं की तू पुसत नाहीस. थांबतेस. मला अशी थांबणारी माणसं माहीत नव्हती."

"हं. दुसरी?"

"घाबरलीस की तू इंग्रजी बोलतेस. सीडीचं सांगितलंस तेव्हा बोललीस, आणि मघाशी स्टेजपाशी. रागावलीस की मराठी."

हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. कुणी तरी आपल्याकडे इतका वेळ बघत होतं...

"तिसरी," ती म्हणाली. आवाज जरा खाली गेला होता.

"तिसरी..." त्यानं गिटारची एक तार उगाच छेडली. मग दुसरी. "तिसरी सांगेन ना. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला चालणार नाही! मी या गावात वाढलेय, गॅव्हिन."

त्यानं तारांवर तळहात ठेवला. आवाज थांबला.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," तो म्हणाला. "ही खरं तर तुझ्याबद्दलची गोष्ट नाही झाली, माझ्याबद्दलची झाली. मार्क कापणार असशील तर काप."

पलीकडे मार्था आंटी हातात पर्स घेऊन उभ्या होत्या आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या. त्यांच्या एका कानात अजून कापूस होता, पण कोणत्या, ते नुपूरला दिसत नव्हतं. तिच्या काचांवर धुकं आलं होतं आणि या वेळी ते हवेमुळे नव्हतं. तिनं पुसलं नाही. थांबली.

मग तिनं त्याला उत्तर दिलं. ते उत्तर मराठीत होतं, आणि ती मुळीच रागावलेली नव्हती.